फूल कुठल्या काडीवर येतं

फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा उलटला की ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये कात्र्या बाहेर निघतात. थंडी सरत आलेली असते, पाऊस लांब असतो आणि मार्चअखेरच्या हिशेबाआधी बागेवरचा खर्च उरकायचा असतो. घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलांपासून पाचपाखाडीतल्या जुन्या चार मजली इमारतींपर्यंत सगळीकडे कुंपणाची झुडपं एका मापात कापली जातात. कामिनी, तगर, एक्झोरा, अनंत, कुणाचीच वेगळी विचारपूस नाही. वरून सपाट, बाजूंनी उभी, कमरेइतकी उंच. संध्याकाळी फेरी मारायला निघालेले लोक म्हणतात, छान स्वच्छ केलंय. आणि चैत्र लागतो तेव्हा त्या कुंपणांवर नुसती पानं असतात.

हे दर वर्षी माझ्या मनाला लागतं. झाडाला कात्री लावूच नये असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाच्या बागेचं. आमच्याकडे पेरणीपेक्षा छाटणीच्या तारखा जास्त बोलल्या जायच्या. कुणाचं लग्न कधी ठरवायचं, पाहुण्यांनी कधी यायचं, हेसुद्धा छाटणी पाहून ठरायचं. त्यामुळे कात्रीबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि म्हणूनच ती न विचारता चालवलेली मला पाहवत नाही.

द्राक्षाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला मोगऱ्याबद्दल काही सांगता येणार नाही. महाराष्ट्रात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, म्हणजे माल निघून गेल्यावर जुन्या काड्या जवळजवळ बुडाशी कापायच्या. तिच्यातून नवी फूट येते, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्या फुटीच्या काड्या होतात, पिकतात. मग ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, आमच्याकडे तिला गोडी छाटणी म्हणतात. तिच्यानंतर घड दिसतात. बाहेरच्या माणसाला वाटतं की घड ऑक्टोबरच्या छाटणीने आला. बागायतदाराला माहीत असतं की तो एप्रिलच्या छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून फूट येते त्या मिटलेल्या गाठीच्या, आत तयार झालेला आहे. डोळा वरून टोपी घातलेला, मिटलेला. आत डोळ्यांना न दिसणाऱ्या आकाराचा घड. कृषी खात्याची माणसं त्याला सूक्ष्मघडनिर्मिती म्हणतात. त्या दिवसांत आभाळ फार दिवस झाकोळलेलं राहिलं, वेलीवर पानांची दाटी होऊन काडीला ऊन मिळालं नाही, तर काही डोळे घडाचे न होता नुसत्या पानांचे होतात. नंतर कितीही खत घाला.

नाना, म्हणजे माझे वडील, काडी बोटांत फिरवून, तिची जाडी आणि पेरांचं अंतर बघून कितव्या डोळ्यावर कापायचं ते ठरवत. थॉमसन जातीत बुडाजवळच्या पहिल्या डोळ्यांत घड सहसा नसतो, थोडा पुढे असतो. तिथपर्यंत काडी ठेवली नाही तर वर्ष गेलं. आता माझा भाऊ ऑक्टोबरच्या आधी बागेतल्या काही काड्या तपासणीला देतो. प्रयोगशाळेत एकेक डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि घड कितव्या डोळ्यावर आहेत ते सांगतात. तो कागद हातात आल्यावर मजुरांना सूचना जातात. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथल्या शास्त्रज्ञांचं या बाबतीतलं बोलणं आमच्या गावात देवळातल्या कीर्तनाइतकं मन लावून ऐकलं जातं.

लग्नानंतर ठाण्यात आले तेव्हा तळमजल्याचं घर आणि खिडकीबाहेर पूर्वेकडची मातीची पट्टी, एवढी जमीन मिळाली. तिथे मी फुलझाडं लावत गेले. द्राक्षाने शिकवलेला प्रश्न मात्र प्रत्येक झाडाला विचारला: तुझं फूल जुन्या काडीवर येतं की नव्या फुटीवर? याचं उत्तर मिळालं की छाटणीची तारीख आपोआप कळते. बाकीचं सगळं, किती उंच ठेवायचं, कुठला आकार द्यायचा, ते नंतरचं.

मोगरा नव्या फुटीवर फुलतो. म्हणून त्याला फुलायच्या आधी कापायचं. चैत्रात फूल हवं तर पौषात कात्री. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ओटीत हरभरे, वाटीत डाळ, पेल्यात पन्हं आणि हातात घरचा मोगरा द्यायचा असेल तर त्याची तयारी संक्रांतीच्या आसपास झालेली असावी लागते. जमिनीतलं झुडूप असेल तर गुडघ्याच्या खाली, फूट-दीड फुटावर कापावं. कुंडीतलं असेल तर त्याच्या उंचीच्या निम्म्यापर्यंत. मेलेल्या, तपकिरी, टचकन मोडणाऱ्या काड्या मुळापासून काढाव्यात. एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्यांतली आत वळलेली काढावी. उरलेली पानं हाताने ओरबाडून टाकावीत, आणि मग पाणी तोडावं.

या पाणी तोडण्यालाच ताण देणं म्हणतात, आणि महाराष्ट्राच्या फळबागांचं निम्मं शास्त्र त्यात आहे. डाळिंब, संत्रं, मोसंबी यांचा बहार धरतात तो असाच. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार, ज्या मोसमात फळ हवं त्याच्या आधी झाडाला तहानलेलं ठेवायचं, वाढ थांबवायची, साठवलेलं अन्न काडीत जिरू द्यायचं, आणि मग माती उकरून खत-पाणी सोडायचं. थंड देशांत ही विश्रांती बर्फ देतं. ठाण्यात तसा हिवाळा नाही. जानेवारीतल्या पहाटे शाल लागते, दुपारी पंखा. झाडाला कुणी झोप म्हणून सांगत नाही. ते सांगायचं काम आपल्याला करावं लागतं. कुंडीतल्या मोगऱ्याला पाणी अगदी बंद करू नये, काडी सुकते. माती कोरडी झाली की जिवापुरतं थोडं द्यावं, एवढंच. दोनेक आठवड्यांनी माती हलकी करून, कुजलेलं शेणखत घालून, भरपूर पाणी द्यावं. माघात डोळे फुगतात, फाल्गुनात टोकांना कळ्या दिसतात.

तीन-तीनच्या झुबक्यात मधली कळी आधी उमलते, बाजूच्या दोघी नंतर. झुबका संपला की त्या फुटीचं टोक दोन पानांच्या जोड्यांसकट खुडायचं, म्हणजे खालच्या डोळ्यांतून परत फूट आणि परत कळ्या. असं पावसापर्यंत चालतं. बहुतेक घरांतला मोगरा फुलत नाही तो या खुडण्याअभावी, रोजच्या पाण्याने आणि युरियाने. त्याला पाच-सहा तास ऊन, थोडी उपासमार आणि वेळच्या वेळी कात्री लागते.

आमच्या सोसायटीत कंत्राटदारातर्फे जे माळीदादा येतात ते विक्रमगडकडचे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी तेही ठाणे जिल्ह्यातलेच. त्या भागातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याची शेती वाढवली आहे, पहाटे खुडलेल्या कळ्या दादरच्या फूलबाजारात जातात. आपण सकाळी जांभळी नाक्यावर किंवा स्टेशनबाहेर गजरा घेतो तेव्हा त्यातल्या कळ्या रात्री अंधारात टॉर्चच्या उजेडात खुडलेल्या असू शकतात. माळीदादांच्या भावाकडे मोगऱ्याचं शेत आहे. मोगऱ्याच्या छाटणीत मला त्यांना काही सांगावं लागत नाही. उलट मी काडी जरा उंच ठेवली तर तेच म्हणतात, "ताई, भीड धरू नका. मोगऱ्याला माया लावली तर तो पानंच देतो." हेच दादा कामिनीच्या कुंपणावर मात्र दर महिन्याला मोठी कात्री फिरवतात, कारण कंत्राटात तसं लिहिलेलं आहे.

जाई आणि जुईही नव्या फुटीच्याच, पण मोगऱ्यासकट तिघांच्या तारखा वेगळ्या. कोइमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाने तिकडच्या शेतकऱ्यांसाठी मोगऱ्याला नोव्हेंबरअखेर, जाईला डिसेंबरअखेर आणि जुईला जानेवारीअखेर छाटणी सांगितली आहे. आपल्याकडे तारखा पुढे सरकवाव्यात, क्रम तोच ठेवावा. कुंदा तर थंडीतच पांढरा होतो. तो फुलून जाईपर्यंत त्याच्याजवळ कात्री नेऊ नये.

आता ज्या झाडांवर फेब्रुवारीची कात्री सगळ्यात जास्त अन्याय करते त्यांच्याकडे येते. पांढरा चाफा घ्या. थंडी संपताना तो पूर्ण निष्पर्ण असतो, जाड, राखाडी, बोथट फांद्या. बघणाऱ्याला वाटतं वाळलाय, किंवा निदान कापायला हीच वेळ बरी. पण चाफ्याचा गुच्छ येतो तो फांदीच्या टोकाला, फक्त टोकाला. टोक कापलं की त्या फांदीचा त्या उन्हाळ्यातला गुच्छ गेला. खालून दोन-तीन फांद्या फुटतील, जाड होतील, पिकतील, तेव्हा त्यांना फूल. अनंताचंही तसंच. त्याच्या कळ्या फांद्यांच्या शेंड्यांना धरतात, पीळ घातलेल्या, हिरव्या, आणि आठवडेच्या आठवडे मिटून राहतात. नवखा माणूस त्यांना कोवळी पालवी समजतो. पेट्रियाची निळी वेल फेब्रुवारी-मार्चमध्ये निळीजांभळी होते, पानं खरखरीत, फुलं मात्र हवेत तरंगल्यासारखी हलकी. तिचे तुरे आधीच्या मोसमात पिकलेल्या काड्यांवरून लोंबतात. जानेवारीत ती "आवरली" तर वसंत त्या भिंतीवर येतच नाही.

शेंड्याला एवढं महत्त्व का, याचं उत्तर झाडाच्या आतल्या व्यवस्थेत आहे. वाढता शेंडा ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार करतो, ते खोडातून खाली वाहतं आणि त्याच्या धाकाने बाजूचे डोळे मिटून राहतात. १९३३ साली केनेथ थिमान आणि फोल्के स्कूग यांनी घेवड्याच्या जातीच्या रोपांचे शेंडे कापले, कापलेल्या जागी हे संप्रेरक लावलं आणि दाखवून दिलं की शेंडा नसतानाही ते बाजूच्या डोळ्यांना रोखून धरतं. पुढे यात आणखी संप्रेरकांचे आणि साखरेच्या वाटपाचे धागे सापडले, गोष्ट गुंतागुंतीची झाली, पण कात्रीच्या दृष्टीने अर्थ तोच राहिला. शेंडा काढला की झाड रुंद होतं, दाट होतं. म्हणून कुंपणासाठी छाटणी उत्तम. आणि म्हणूनच दर महिन्याला छाटलेली कामिनी कधीच फुलत नाही. तिचे झुबके शेंड्यांना आणि शेंड्याजवळच्या पानांच्या बगलेत येतात. फूट येते, पिकायच्या आत कापली जाते, दुसरी येते, तीही कापली जाते. ते झुडूप वर्षभर पानं करण्यात गुंतलेलं असतं. आमच्या रस्त्याच्या टोकाला एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या कुंपणात हीच कामिनी कुणी न छाटता वाढली आहे. उन्हाळ्यात वळवाची सर येऊन गेली की काही दिवसांनी ती इतकी फुलते की रिक्षावाले तिच्याजवळ रिक्षा लावून चहा पितात. जात तीच, माती तीच.

न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीशी याच विषयावर बोलणं झालं. तिने घर घेतलं त्याच्या मागच्या अंगणात लायलॅक आणि फोर्सिथिया होते. आधीच्या मालकाने मोठ्या हौसेने लावलेले. एप्रिलमध्ये शेजारच्यांचे फोर्सिथिया पिवळेधमक, तिच्याकडे हिरवा पाला. लायलॅकवर एखाद-दुसरा तुरा. तिने व्हिडिओ कॉल करून काड्या दाखवल्या.

"मावशी, खत कमी पडतंय का गं?"

"आधी मला सांग, कात्री कधी लागली?"

ऑक्टोबरमध्ये, थंडीआधीच्या आवराआवरीत, बागकामवाल्यांनी सगळी झुडपं गोल करून दिली होती. तिथेच उत्तर होतं. लायलॅक, फोर्सिथिया, अझालिया ही तिकडची वसंतातली झुडपं जुन्या काडीची. यंदाचं फूल गळलं की पुढच्या उन्हाळ्याभरात त्यांच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या तयार होतात, आणि त्या कळ्या बर्फाखाली हिवाळा काढतात. ऑक्टोबरात छाटणं म्हणजे तयार कळ्या कापून टाकणं. त्यांना छाटायची वेळ एकच, फुलं संपल्याबरोबर, मे-जूनमध्ये, म्हणजे नव्या काडीला कळ्या धरायला पूर्ण उन्हाळा मिळतो. फार म्हातारं, लाकडी झालेलं लायलॅक असेल तर दर वर्षी सगळ्यात जुन्या खोडांपैकी एक तृतीयांश जमिनीलगत काढायची, तीन वर्षांत झुडूप नवं होतं आणि एकाही वसंतात पूर्ण रिकामं राहत नाही. तिच्याकडे क्रेप मर्टलही आहे, आपल्या ताम्हणाच्याच कुळातलं, ते मी लगेच ओळखलं. ते नव्या फुटीवर फुलतं, त्याला हिवाळा संपताना छाटलेलं चालतं. एका अंगणात दोन झुडपं, दोन वेगळे महिने. भाचीने फ्रिजवर चिठ्ठी लावली आणि पुढच्या शरदात बागकामवाल्यांना लायलॅकपासून लांब ठेवलं. त्यानंतरच्या वसंतात तिने फोटो पाठवले. लायलॅकचा वास मी कधी घेतलेला नाही, पण तो रंग आपल्या पेट्रियाच्या जवळ जातो.

"फुलं संपली की लगेच छाटा" हा नियम तिकडच्या पुस्तकांतून आपल्याकडे येतो तेव्हा मात्र तो ठाण्यात एका भिंतीवर आदळतो. ती भिंत पावसाची. चाफा, पेट्रिया, पहिल्या बहराचा अनंत यांची फुलं ओसरतात ती मेमध्ये. मुंबईत मॉन्सून पोहोचायची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून आहे. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ताजी जखम घेऊन झुडूप त्या पावसात उभं राहिलं की बुरशी आत शिरते आणि काडी वरून खाली काळी पडत जाते. न्यू जर्सीत जूनमधली छाटणी म्हणजे नुसती उबदार हवा. इथे तीच छाटणी चिखल आणि शेवाळ यांच्या तोंडावर. त्यामुळे आपल्याकडे या कामाला मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत एवढीच फट मिळते. त्यात घाव सुकायला आठवडाभर कोरडी हवा हवी. ज्या वर्षी मेअखेरीसच वळीव जोर धरतो त्या वर्षी मी मोठे घाव घालत नाही, फक्त फुलांचे वाळलेले दांडे आणि मेलेली लाकडं काढते, आणि खरी छाटणी पाऊस उघडल्यावर, पण हलक्या हाताने.

घाव कसा घालावा याला कुठल्याही झाडात अपवाद नाही. सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या कात्रीला, धार हवी. बोथट पात्याने काडी चेचते आणि चेचलेली काडी सुकत नाही, सडते. एका झुडपावरून दुसऱ्याकडे जाताना पातं स्पिरिटने पुसावं. बाहेरच्या बाजूला तोंड करून असलेला डोळा शोधावा आणि त्याच्या वर पाव इंच जागा सोडून तिरका काप द्यावा, उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. डोळ्याच्या फार जवळ कापलं तर तो सुकतो, फार लांब ठेवलं तर वरचा खुंट मरतो आणि मरण खाली सरकतं. अंगठ्यापेक्षा जाड घावाला बोर्डो पेस्ट लावावी: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र. घरच्या बागेला याचा दहावा भागही पुष्कळ होतो. भांडं प्लॅस्टिकचं घ्यावं, मोरचूद लोखंड खातो. चाफ्याचा चीक आधी पाण्याने धुऊन मग पेस्ट लावावी.

आणि कापण्याआधी झुडपाच्या आत बघावं. बुलबुल उन्हाळ्याच्या तोंडाला वाटीएवढी घरटी बांधतात, कामिनी, बोगनवेल, तगर अशा दाट झुडपांत, आपल्या हाताच्या उंचीवर. शिंजिराचं लोंबतं घरटं तर जाळ्या-कचऱ्याचा गोळा समजून सहज ओढलं जातं. कामिनी आणि कढीपत्ता एकाच कुळातले, लिंबाच्या. त्यांच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी तपकिरी-पांढरी अळी सापडली तर ती काळ्यापांढऱ्या मॉर्मन फुलपाखराची असण्याची शक्यता खूप. फेब्रुवारी ते मे हा या सगळ्यांचा संसाराचा काळ. कुंपण सरसकट कापण्याविरुद्ध माझ्याकडे एवढं एकच कारण असतं तरी मी भांडले असते.

येऊरला गेलं की कात्री न लागलेली झाडं-झुडपं बघायला मिळतात. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर बिनपानांच्या फांद्यांवर फुललेले असतात, कुणी त्यांची टोकं काढलेली नसतात. पण मला तिथे ओढ असते ती कारवीची. कारवी वसंतात फुलत नाही, पावसाळा संपताना फुलते, आणि तेही आठ वर्षांतून एकदा. सात वर्षं ती नुसती वाढते, पानं करते, काडी पिकवते. आठव्या वर्षी सगळा डोंगर एकदम जांभळा होतो, बी पडतं आणि झुडूप मरतं. येऊर ज्याचा भाग आहे त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ साली आणि मग २०२४ साली हा बहर आला. कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या पूर्वीपासून कापल्या गेल्या आहेत, त्या कापणाऱ्यांना फुलाचं वर्ष माहीत असायचं. चौथ्या वर्षी कापलेल्या काठीला फूल नाही, बी नाही. जुन्या काडीची झाडं किती लांबचा विचार करतात याची मला तरी याहून मोठी खूण माहीत नाही.

गुलाब आणि बोगनवेल यांच्याबद्दल थोडक्यात, कारण लोक विचारतात. दोन्ही नव्या फुटीची, दोन्हींना पाऊस संपला की ऑक्टोबरात छाटावं. गुलाबाला दसरा-दिवाळीच्या मधे कात्री लागली की दीड महिन्याच्या आसपास फुलं. जास्वंद बाराही महिने नव्या फुटीवर फुलते, तिला फार कडक नियम लागत नाहीत. ताम्हण हे आपलं राज्यपुष्प, पण ते वृक्ष आहे. वृक्षांच्या फांद्यांना सोसायटीने स्वतःच्या मर्जीने हात लावायचा नसतो. १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागतं.

या वर्षी सोसायटीच्या सभेत मी हा विषय मांडला. सौंदर्याबद्दल बोलले नाही, त्याने कुणी हलत नाही. कंत्राटाच्या कागदाबद्दल बोलले. त्यात "दरमहा हेज कटिंग" असं एकच कलम होतं. त्याऐवजी झुडपागणिक महिने लिहायला सांगितले. सेक्रेटरींनी विचारलं, कुंपण वेडंवाकडं दिसलं तर तक्रारी येतील त्याचं काय? तो प्रश्न रास्त होता. मग ठरलं ते असं: फाटकाजवळची आणि रस्त्याला लागून असलेली कामिनी पूर्वीसारखी चौकोनी राहील, तिथे दिवे आणि सीसीटीव्ही झाकले जाता कामा नयेत. मागच्या भिंतीची आणि मुलांच्या खेळायच्या जागेजवळची कामिनी जानेवारी ते जून कात्रीविना. तगर आणि एक्झोराला वर्षातून दोनदाच. चाफ्याला हात नाही, फक्त मेलेली फांदी.

तक्ता माळीदादांनी आणि मी मिळून केला. माझ्या पौष-माघाशेजारी त्यांनी इंग्रजी महिने लिहून घेतले, नवीन माणूस आला तर त्याला कळायला हवं म्हणून. मोगऱ्याच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, "संक्रांतीआधी, भीड न धरता." वॉचमनच्या केबिनमध्ये तो तक्ता लावलेला आहे. एक रकाना अजून रिकामा आहे, अनंताचा. त्याचा पहिला बहर मेमध्ये ओसरतो, पण पाऊस लागला की थोडी फुलं जुलैपर्यंत येत राहतात. दादांचं म्हणणं, मेअखेर कापा, नाहीतर घाव पावसात सडेल. माझं म्हणणं, शेंड्याला अजून कळी आहे तोवर थांबावं आणि गणपतीनंतर उघडीप पाहून हलकं छाटावं. तेव्हा कापलं तर पुढच्या मेच्या कळ्या धरायला काडीला वेळ पुरेल का, असं ते विचारतात. त्यावर आम्ही दोघांनी एक करायचं ठरवलंय: मागच्या भिंतीजवळ अनंताची दोन झुडपं शेजारी शेजारी आहेत, एक त्यांच्या तारखेला कापायचं आणि एक माझ्या.